कॅसेटमधली मुलगी

आमच्या गावी, देवरूखच्या वरच्या अंगाला, एका माणसाच्या बॅगेत लहान मुलीची चप्पल निघाली होती. माणूस मुंबईला नोकरीला, बायको गावात, मूलबाळ नाही. जोड नव्हे, एकच चप्पल, गुलाबी रंगाची. त्या एका चपलेवरून त्याचं मुंबईतलं दुसरं बिऱ्हाड उघडकीला आलं. मी तेव्हा लहान होते, पण विहिरीवर बायका जे हळू आवाजात बोलतात ते लहान मुलींना सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं. माझे बाबा तर मुंबईच्याही पलीकडे, गल्फात एसी दुरुस्तीच्या कामाला होते. त्यामुळे ते सुट्टीवर आले की त्यांच्या बॅगा उपसायला मी पहिली. सगळ्यांना वाटायचं, पोरगी चॉकलेटं शोधतेय. मी चप्पल शोधत असायची.

आम्ही रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, माडीवर. खाली घरमालकीण चाची. तिचा नवराही तिकडेच, त्याच शहरात. फोन तिच्याकडे, त्यामुळे बाबांचा फोन आला की आम्ही मायलेकी जिना उतरून तिच्या ओटीवर उभ्या. तीन-चार मिनिटं बोलायला मिळायची आणि ती चाचीच्या अख्ख्या घरादेखत. 'जेवलीस काय', 'अभ्यास कर', 'आईला दे' एवढ्यात फोन बंद. बाबा कसे आहेत हे त्यातून कुणाला कळणार? मला तर त्यांचा आवाज खरा त्यांचाच आहे ना, अशीही शंका यायची.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात बॅगेत चप्पल नव्हती. दोन खेळ होते. हातात मावेल एवढा डबा, वर छोटा पडदा, खाली बटणं, मागच्या खाचेत एक चपटी करडी कॅसेट बसवायची. मी लगेच विचारलं, "दोन कशाला? घरात मूल तर मी एकटीच."

"एक तुला, एक मला," बाबा म्हणाले.

आईनं कपाळाला हात लावला. "घोड्याएवढे झालात नि खेळणी कसली आणता!"

बाबा हसले. म्हणाले, फोनवर बोलायला तरी काहीतरी होईल. मला ते कारण पटलं नाही, पण खेळ हातात होता, तेव्हा तपास पुढे ढकलला.

खेळ तसा सोपा. रानावनात हिंडायचं, चित्रविचित्र जनावरं पकडायची, झुंजी लावून ती वाढवायची, गावोगावच्या उस्तादांना हरवायचं. सुरू करताना एक म्हातारा आधी विचारतो, तुझं नाव काय. इंग्रजी अक्षरं एकेक करून निवडायची. मी माझं नाव घातलं, बाबांनी त्यांचं. पण पडद्यावर दोघांचाही तोच टोपीवाला मुलगा. मुलगी होण्याची सोयच नव्हती. नाव मुलीचं आणि अंगावर मुलाचे कपडे, हे मला पहिल्या दिवसापासून खटकलं. त्यात पुन्हा कंपनीनं लबाडी अशी केलेली, की काही जनावरं एका कॅसेटीत मिळायची आणि काही दुसरीत. सगळी हवीत तर दोन खेळ घ्या आणि वायरीनं जोडून अदलाबदल करा. मी बाबांना स्पष्ट सांगितलं, "तुम्हाला गंडवलंय. एकाच मालाच्या दोन पेट्या विकल्या."

"मग आंब्याचं आपण काय करतो? एकाच झाडाचे आंबे दोन पेट्यांत भरून विकतोच की," बाबा म्हणाले.

सुट्टी संपत आली तेव्हा ते म्हणाले, "तुझं पहिलं जनावर मला अर्धेलीनं दे." आमच्याकडे शेळी अशी देतात. शेळी माझी, वाढवणार तू, पिल्लं झाली की निम्मी निम्मी. मी मान्य केलं नाही, कारण खेळातल्या जनावरांना पिल्लं होतच नव्हती. मग मला काय मिळणार? बाबा म्हणाले, "नसतील होत तर नसोत. मी फुकट वाढवून देतो. फोनवर सांगत जाईन, आज केवढं झालं ते." वायर जोडली आणि माझं जनावर त्यांच्या डब्यात गेलं. पडद्यावर ते वायरीतून सरकत जाताना दिसलं. परत आणतील ना?

फोन मात्र बदलले. चाचीच्या ओटीवर उभी राहून मी विचारायची, "केवढं झालं?" बाबा सांगायचे. दुसऱ्याकडून आलेलं जनावर झपाट्यानं वाढतं, पण फार मोठं झालं की नव्या मालकाचं ऐकत नाही, असा त्या खेळाचा नियम. बाबा तक्रार करायचे, "घरजावयासारखं वागतं गो. खातं नि झोपतं." चाची ते ऐकून तोंडाला पदर लावून हसायची. तिला वाटायचं, आम्ही गावच्या कुठल्यातरी बोकडाबद्दल बोलतोय.

मधली एक सुट्टी साहेबानं गिळली. बाबा आले ते एकदम दोन हजार दोनच्या मे महिन्यात. मी चौदाची झाले होते. बॅग उपसली. चप्पल नाही. फोनवर ऐकलेला खेळाचा पुढचा भाग होता, पुन्हा दोन, बाबांनी त्यांचा तिकडेच सुरू केलेला.

हा भाग रंगीत. मी आधी त्यात काय काय कमी केलंय ते शोधलं, कारण कुणी काही वाढवून दिलं की मला हमखास वाटतं, कुठूनतरी काढून घेतलं असणार. पण इथं उलटं होतं. नवी जनावरं तर होतीच, वर जुन्या भागातलीही वायरीनं आणता येत होती. जनावरांत नर-मादी आले होते आणि त्यांना अंडी होऊ लागली होती. "बघ," बाबा खुशीत आले, "कंपनीलाही अर्धेल कळली!" शिवाय आत घड्याळ होतं. बाहेर रात्र झाली की आतही रात्र, आणि काही जनावरं फक्त काळोखातच भेटायची. आणि या भागात पहिल्यांदाच तो म्हातारा नाव विचारण्याआधी विचारत होता, मुलगा की मुलगी. मी मुलगी झाले. मला फार बरं वाटलं.

चार दिवसांनी आम्ही वायर जोडली. अशी वायर जोडली की पडद्यावर एक खोली येते, मधे टेबल, अलीकडे आपण, पलीकडे समोरचा. मी टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि पलीकडे बाबा येऊन उभे राहायची वाट बघू लागले.

पलीकडे एक मुलगी येऊन उभी राहिली.

"बाबा, हे काय?"

बाबांनी डबा जरा स्वतःकडे वळवला. "ते होय? अगो, मुलगा की मुलगी विचारलंन, माझं बोट भलतीकडेच पडलं."

माझं जनावर परत आलं, मोठं, दांडगं. बरोबर त्याच्या पिल्लांतली निम्मीही आली. बाबा हिशेबाला चोख. जनावराच्या माहितीत त्याच्या पहिल्या मालकाचं नाव लिहिलेलं असतं. मी पिल्लांवरचं नाव बघितलं. बाबांचं नव्हतं. माझं नव्हतं, आईचं नव्हतं. कुणा मुलीचं होतं.

"हे कुणाचं नाव?"

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कॅसेट जुनी घेतली ना. आधीच्या मालकाचं असेल."

आता बघा. बोट चुकून पडलं असेल तर कॅसेट नवी आणि नाव त्यांनी स्वतः घातलं. कॅसेट जुनी असेल तर बोट कुठंच पडलं नाही. खऱ्याला एक कारण पुरतं, दोन लागली की समजावं काहीतरी शिजतंय. आणि मला चांगलं आठवत होतं, की फोनवर त्यांनी या भागात पहिलं जनावर कुठलं निवडलं ते मला सांगितलं होतं. जुन्या कॅसेटीत पहिलं जनावर कोण निवडतं?

त्याच संध्याकाळी त्यांच्या डब्यातलं घड्याळ बघितलं. तिकडची वेळ आमच्यापेक्षा दीड तास मागे. तिकडे खेळत होते तर घड्याळ मागे हवं होतं. ते आमच्या भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळत होतं. म्हणजे इथं येण्याआधी किंवा आल्यावर कुणीतरी ते बदललं होतं. चोरानं पाऊल पुसावं तसं. माझ्या डोक्यात ती गुलाबी चप्पल गरगर फिरायला लागली.

बाबांना तिकडे मुलगी आहे. माझ्याएवढी किंवा धाकटी. ती खेळते, बाबा शेजारी बसून बघतात. माझं जनावर तिनं वाढवलं, पिल्लं तिनं काढली आणि त्यातली निम्मी माझ्या पदरात टाकली. अर्धेल! मला ती निम्मी पिल्लं फेकून द्यावीशी वाटली. तिच्या हातची जनावरं माझं ऐकतही नव्हती. झुंजीत पुढे केलं की पाठ फिरवून झोपायची. पण मी ती सोडून दिली नाहीत. पुरावा होता तो.

आईला काही सांगितलं नाही. काय सांगणार? ती त्या सुट्टीत बाबांसाठी रोज आंबोळ्या घालत होती आणि कधी नव्हे ती गुणगुणत होती. गावच्या त्या बाईचं पुढे काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. ती माहेरी निघून गेली. आईला तर माहेरही उरलेलं नव्हतं. आजी-आजोबा माझ्या जन्माआधीच गेलेले, एक मामा तो ठाण्याला. म्हणून मी तोंड शिवून बसले आणि बाबा परत कामावर गेल्यावर दोन वर्षं तशीच बसले.

तपास मात्र चालू होता. फोनवर बाबांच्या मागे लहान मुलाचा आवाज येतोय का, ते मी श्वास रोखून ऐकायची. आवाज यायचा, पण तो कामगारांच्या कॅम्पातल्या टीव्हीचा की आणखी कशाचा, कळायचं नाही. एकदा चाचीला आडून विचारलं, "चाची, तिकडे माणसाला घरचे ठेवता येतात काय गो?"

"मोठ्या पगारवाल्यांना येतात," चाची म्हणाली. "आपल्यांना कॅम्प. एका खोलीत आठ जण नि एकाच्या घोरण्यानं सात जागे." मग माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "काय गो, तुला जायचंय काय?"

मला दिलासा मिळाला, पण तो रात्रीपर्यंतच टिकला. बाबांचा पगार मोठा असला आणि आम्हाला सांगितलेला नसला तर?

दोन हजार चारच्या मे महिन्यात बाबा पुन्हा आले. मी सोळाची, दहावीची परीक्षा दिलेली, जिभेला धार आलेली. बॅगेत तिसरा भाग निघाला, बाबांचा तिकडे बराच खेळून झालेला. डबे नवे, कॅसेट पूर्वीपेक्षा निम्मी. मी आधी जुनी वायर आणली. ती लागेना.

"जुनं काही यात येत नाही," बाबा म्हणाले. "सगळं पहिल्यापासून."

"म्हणजे माझं जनावर?"

"ते जुन्या डब्यातच राहणार."

मी कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. पाच वर्षं आमच्याकडून जनावरं वाढवून घेतली आणि ऐनवेळी दार लावून घेतलं! रंग झकास, पाणी खरं वाटावं असं, चाल नवी, गाणी नवी, आणि ज्यांच्यासाठी खेळत होतो ती तेवढी बाहेर. पण दुसरीकडे मनात आलं, बाबा एवढे शांत कसे? यांचीही जनावरं गेलीच की. मग लक्षात आलं. पुरावाही गेला ना! तिची जनावरं, तिचं नाव, सगळं मागे राहिलं. आता हे नव्या डब्यात साळसूदासारखे मुलगा होऊन फिरत असणार.

"चला, जोडू या," मी म्हटलं.

नवी वायर, नवी खोली. मी अलीकडे उभी राहिले. पलीकडे मुलगी आली. कपडे नवे, डोक्याला वेगळंच काहीतरी बांधलेलं, केस वेगळे, सगळं वेगळं. वर नाव तेच.

एक जनावर पुढे आलं नव्हतं, पण ती आली होती.

माझं डोकं फिरलं. मी बाबांच्या हातातला डबा हिसकावला आणि जिना उतरून मागच्या दारी गेले. आई पायरीवर विळी घेऊन बांगडे साफ करत होती.

"आई, हे वाच."

"माझे हात बघ कसे आहेत ते."

"हात नको लावू. नुसतं वाच. ओळखतेस हिला?"

बाबा मागोमाग आले. "अगो, थांब, तू काय..."

"मी नाही थांबणार! दोन वर्षं थांबले!" मी रडायलाच लागले. "आई, यांची तिकडे मुलगी आहे. तिच्या नावानं खेळतात. मी विचारलं तर मला खोटं सांगितलं, एकदा नाही, दोनदा. घड्याळसुद्धा बदलतात!"

आईनं वाकून पडद्याकडे बघितलं. तिचं इंग्रजी सातवीपर्यंतचं, त्यामुळे एकेक अक्षर जोडून वाचावं लागलं. ओठ हलले. मग ते नाव तिनं मोठ्यानं म्हटलं, एकदाच. मी भांडणाची तयारी ठेवली होती. आईचे कान लाल झाले.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला हे अजून आठवतंय?"

"कुणाचं नाव आहे ते?" मी ओरडले.

"माझं," आई म्हणाली.

मला काही कळेना. आईचं नाव मी जन्मल्यापासून ऐकत होते आणि ते हे नव्हतं. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरामुलगा त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. लिहिलं की जुनं संपलं. आईचं जुनं नाव मी कुणाच्या तोंडी ऐकणार होते? मामा तिला ताई म्हणायचा, गावची माणसं बाय म्हणायची. ज्यांनी ते नाव ठेवलं ती दोघंही नव्हती. आई इतकी वर्षं माझ्यासमोर वावरत होती आणि तिचं आणखी एक नाव असेल अशी शंका मला, मला संशयखोरीलासुद्धा, कधी आली नव्हती.

बाबा भिंतीला टेकून उभे होते, पकडल्यासारखे. "बघायला गेलो तेव्हा हिनं पोह्यांची बशी ठेवली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी नाव विचारलं, हिनं सांगितलं. लग्नाआधी आमचं बोलणं एवढंच. मला आवडलं होतं नाव. मांडवात आत्या कानाशी आली, म्हणाली, हे लिही. लिहिलं. तेव्हा कुठली टाप होती नाही म्हणायची?"

"मग खेळात कशाला?"

"पहिल्या भागात मुलगी होताच येत नव्हतं. दुसऱ्यात म्हाताऱ्यानं विचारलंन, मुलगा की मुलगी. सहज मुलगी म्हटलं. मग नाव विचारलंन." बाबा भिंतीचा पोपडा नखानं काढू लागले. "तिकडे मला कोण विचारतंय गो, माझ्या बायकोचं नाव काय म्हणून?"

"पण मला खोटं का सांगितलंत?"

"पोरीला काय सांगू? बायकोच्या नावानं खेळतो म्हणून? कॅम्पात हसतात तेवढं पुरे आहे."

मी नाक पुसलं. एक मुद्दा अजून शिल्लक होता आणि मी तो सोडणाऱ्यातली नव्हे. "आणि घड्याळ?"

"हिच्या खेळात वेळ हिच्या घरची नको?" बाबा म्हणाले. "पडद्यावर काळोख पडला की कळायचं, इकडे दिवेलागण झाली. आता हिनं देवापाशी दिवा लावला असेल."

आईनं विळीवरचा बांगडा तसाच ठेवला. कावळा कुंपणावर येऊन बसला होता, एरवी तिनं त्याला कधीच हाकललं असतं. ती त्या पडद्यावरच्या मुलीकडे बघत होती. मुलगी टेबलाशी उभी होती, अजून कुणीतरी पुढे येईल याची वाट बघत.

"काय करते मी यात?" आईनं विचारलं.

"हिंडतेस," बाबा म्हणाले.

"एकटी?"

"एकटी. जनावरं असतात बरोबर. कोण अडवत नाही."

आई देवरूख नि रत्नागिरी सोडून फक्त एकदा कोल्हापूरला गेली होती, अंबाबाईला, तीही सासरच्या सोळा माणसांत. तिनं मान वाकडी करून पडदा आणखी जवळून बघितला.

"कुठवर गेले मी?"

"पुष्कळ लांब. डोंगर झाला, जंगल झालं. आता समुद्र लागलाय. मोठ्या जनावराच्या पाठीवर बसून पलीकडे जाता येतं. मी महिनाभर काठावरच थांबलोय."

"थांबलात का?"

"म्हटलं," बाबा म्हणाले, "तुला विचारल्याशिवाय कसं न्यायचं?"

आई उठली. पदर खोचला, आणि माझ्या हातातल्या डब्याकडे हात पुढे केला, नि लगेच मागे घेतला.

"थांबा हां," ती म्हणाली, "हात धुऊन येते. बांगड्याचा वास लागेल त्याला."